फेब्रुवारीतलं लग्न

एर्मिनिया एलिसोन्दोच्या घरात रविवारी दोन गोष्टी चालत नसत: उपास आणि वकील. मंगळवारी मध्यस्थाच्या कचेरीत तिचा मुलगा रोहेलिओ आणि सून देल्फिना समोरासमोर बसणार होते आणि घटस्फोटाचा मसुदा कायम होणार होता. त्याआधी दोघांनी आपल्या स्वयंपाकघरात येऊन काय ते बोलून घ्यावं, असा म्हातारीचा हुकूम सुटला होता. "वकील तासाचे पैसे घेऊन बोलतात," तिनं सुनेला फोनवर सांगितलं. "मी जेवायला घालून बोलते. ये."

आणि देल्फिना आली होती. मोडत आलेल्या लग्नातली सून सासूच्या हाकेला धावून येते, याचं गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. त्या दोघींचं पहिल्यापासून तसंच होतं. रोहेलिओ इराकला, नाहीतर अफगाणिस्तानात, नाहीतर कोरियात, आणि इथे या दोघी एकमेकींच्या जिवावर. दुरून छान चाललेलं ते लग्न, तो निवृत्त होऊन रोज संध्याकाळी घरी यायला लागल्यावर पुरती दोन वर्षंही तगलं नाही. आमच्या सान अँटोनियोत हे काही नवं नाही. इथे अर्ध्या घरांची चूल लष्कराच्या पगारावर पेटते, आणि पगार थांबून पेन्शन सुरू झाली की नवरा-बायकोला पहिल्यांदा एकमेकांचं तोंड नीट दिसतं.

थोरल्या मुलीनं, ओफेलियानं, पहाटेच रांगेत उभं राहून बार्बाकोआ आणलं होतं. रात्रभर वाफवलेलं ते मांस अजून कागदातून वाफाळत होतं. शेजारी लालभडक सोड्याच्या बाटल्या, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबं. एर्मिनिया तव्यावर तोर्तिया शेकत होती आणि शेकता शेकता टेबलावर कोण कुठे बसलंय ते बघत होती. ओफेलिया भावाच्या शेजारी बसली होती, खुर्ची अगदी चिकटवून. देल्फिना एकटी, खिडकीकडच्या बाजूला. तिची बोटं आज पुन्हा सुजली होती. तोर्तियाचा तुकडाही तिला धड मोडता येत नव्हता.

"औषध चालू आहे ना, मिहा?" एर्मिनियानं विचारलं. बेटा म्हणावं तसं ती सुनेला मिहा म्हणायची. वकिलाच्या कागदांनी त्यात फरक पडला नव्हता.

"चालू आहे, अमा. दर महिन्याला लष्कराच्या दवाखान्यात खुर्चीत बसवतात आणि सलाईनमधून देतात. ते मिळालं की बरं असतं. या वेळचं पुढच्या आठवड्यात आहे."

"आणि घटस्फोट झाल्यावर?"

देल्फिनानं रोहेलिओकडे पाहिलं. रोहेलिओनं मिठाची बाटली उचलली आणि खाली ठेवली.

"घटस्फोट झाल्यावर कार्ड परत," ओफेलिया म्हणाली. ती शाळेच्या कचेरीत कामाला होती आणि नियम सांगायला तिला फार आवडायचं. "अमा, मी तुला कितीदा सांगितलं. लग्न आणि नोकरी वीस वर्षं बरोबरीनं चालली असतील, तर बायकोला दवाखान्याचं कार्ड जन्मभर. त्याला कमी पडलं तर एक वर्ष उपचार, मग टाटा. यांचं लग्न दोन हजार चारच्या जूनचं. हा निवृत्त झाला तेवीसच्या एप्रिलात. एकोणीससुद्धा भरत नाहीत. आणि पेन्शनीतला वाटाही तेवढ्याच वर्षांवर निघणार. मी काही केलेलं नाही, नियमच तसा आहे."

"तुझ्या तोंडून नियम ऐकला की तो तूच केल्यासारखा वाटतो," देल्फिना म्हणाली.

"हे बघ वहिनी, त्या पेन्शनीसाठी याचे गुडघे गेले, कान गेला. तू घरी होतीस."

"हो. घरीच होते. सात घरं बदलली, त्या सातही घरांत."

"पुरे," एर्मिनिया म्हणाली. तिनं तोर्तियांचं फडकं टेबलावर ठेवलं. "आधी खा."

खाणं सुरू झालं, पण कुणाचं लक्ष खाण्यात नव्हतं. एवढं चांगलं मांस वाया चाललं याचं एर्मिनियाला मनापासून वाईट वाटलं.

देल्फिना मात्र खाता खाता वाट बघत होती. जेवण संपेपर्यंत वाट बघायची, असं तिनं येतानाच ठरवलं होतं.

कारण मसुद्यातली तारीख चुकीची होती. टेबलाशी बसलेल्यांपैकी दोघांना ते ठाऊक होतं, दोघींना नव्हतं.

त्यांचं लग्न जूनमध्ये झालं नव्हतं. जूनमध्ये सगळ्यांनी पाहिलं ते चर्चमधलं. खरं लग्न त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी बेल्टनच्या कोर्टात लागलं होतं. रोहेलिओची पलटण निघायच्या बेतात होती. कुठे, हे कुणी सांगत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. लग्नाच्या परवान्यानंतर बाकीच्यांना तीन दिवस थांबावं लागतं, सैनिकाला थांबावं लागत नाही. सरकारलाही कळतं की सैनिकाकडे तीन दिवस नसतात. रोहेलिओ गणवेशातच होता. देल्फिनानं बहिणीचा निळा कोट घातला होता आणि तो काखेत घट्ट होत होता. जजसाहेबांनी भराभर वाचलं, तिनं 'हो' म्हटलं, त्यानं 'हो' म्हटलं. बाहेर पायऱ्यांवर त्यानं तिचा हात धरला. "आत्ता अमाला नको सांगूया. परत आलो की मी सांगेन. मी स्वतः."

का नको, हे विचारायची गरज नव्हती. ओफेलियानं पळून जाऊन कोर्टात लग्न केलं होतं तेव्हा एर्मिनिया तिच्याशी तीन वर्षं बोलली नव्हती. तीन नाताळ त्या पोरीनं शेजारच्या घरी काढले. आई खिडकीतून तिला बघायची आणि पडदा ओढायची. युद्धावर निघालेल्या मुलाला तो पडदा बघायचा नव्हता.

तो परत आला तोवर आईनं चर्च ठरवलं होतं, वाजंत्री ठरवली होती, चुलत्यांना आमंत्रणं गेली होती. पाद्रीबाबांना त्यांनी खरं सांगितलं, त्यांनी ते पोटात ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ रोहेलिओनं इतकी वर्षं आवळून धरली, आणि आता तिची किंमत देल्फिनाच्या अंगावर निघत होती.

तिला स्वतःला हे निस्तरता आलं असतं. कोर्टाचा दाखला कपाटात होता. लष्कराच्या दप्तरातही फेब्रुवारीचीच तारीख होती. तिच्या वकीलबाईंनी मसुदा दाखवून विचारलं होतं, "तारीख बरोबर ना?" ती म्हणाली होती, "सोमवारी सांगते." एका फोनचं काम होतं, आणि वेळ आली तर ती तो करणार होती. औषधाविना तिची बोटं, मग मनगटं, मग मूत्रपिंडं. डॉक्टरनं तिला काही लपवून ठेवलं नव्हतं. पण अमाला सांगेन हा शब्द रोहेलिओनं दिला होता. तो त्यानंच पाळावा, एकदा तरी या घरात, या बाईसमोर त्यानं तोंड उघडावं, एवढंच तिला लग्न संपायच्या आधी हवं होतं. आणि म्हातारीला घाव घालायचाच असेल तर तो तिच्या मुलानं घालावा, आपण नाही, असंही तिला वाटत होतं. सासूवर तिचं प्रेम होतं.

रोहेलिओला हे सगळं कळत होतं. न कळायला तो मूर्ख नव्हता.

वकिलाकडे जाताना आई बरोबर आली होती, फी तिनंच भरली होती. वकिलानं विचारलं, "लग्नाची तारीख?" आणि त्यानं काही म्हणायच्या आतच आईनं अभिमानानं सांगून टाकली: बारा जून, सान हुदासच्या चर्चमध्ये, तीनशे माणूस जेवलं. वकिलानं लिहून घेतली. रोहेलिओ गप्प बसला. पैसे वाचवायचे म्हणून नव्हे. तो लोभी माणूस नाही, कधीच नव्हता. बगदादच्या रस्त्यांवर पुरलेले बॉम्ब शोधत चाललेला हा माणूस आईसमोर एक तारीख उच्चारू शकत नव्हता. याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. मी भित्रेपणा म्हणते.

"माझं म्हणणं ऐका," एर्मिनिया बोलायला लागली. तिनं हात फडक्याला पुसले आणि खुर्चीत बसली. "पेन्शनीचं काय ते मंगळवारी ठरेल. त्याला जितकं द्यायचं तितकं तो देईल, नाही दिलं तर मी त्याच्या कानाखाली वाजवेन. पण पोरीच्या औषधाचं मी ठरवलंय. तुमच्या आपांच्या मागे मला लष्कराची विधवा-पेन्शन मिळते. त्यातून मी हिचा बाहेरचा विमा भरणार."

"अमा!" ओफेलिया ओरडलीच. "तू खाणार काय?"

"बीन्स खाईन. आधी काय खात होते?"

"घराचं छप्पर गळतंय, अमा. आणि ही आता तुझी सूनसुद्धा राहणार नाही. मंगळवारनंतर ही तुझी कोण?"

"मंगळवारनंतर कोण ते मी बघेन. लग्नाला वर्षं कमी पडली हा हिचा दोष नाही. आम्ही लग्न उशिरा लावलं, हा आमचा दोष. तो परत आल्या आल्या मी घाई करायला हवी होती. वाजंत्री मोकळी नव्हती म्हणून जूनपर्यंत थांबले."

देल्फिनानं पुढ्यातली ताटली बाजूला सारली. तिचं जेवण झालं होतं. तिनं खुर्ची मागे घेतली, आणि त्या आवाजानं रोहेलिओनं मान वर केली. आई स्वतःची भाकरी अर्धी करायला निघाली होती, ती त्याच्या गप्प बसण्यापायी. आता तर त्याला खालीही बघता येईना.

"अमा, तारीख चुकीची आहे," तो म्हणाला.

"कसली?"

"लग्नाची. जूनच्या आधीच झालं होतं. दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत, कोर्टात. मी इराकला जायच्या आधी."



सगळ्यात आधी ओफेलियाला वाचा फुटली. तिची भावाशेजारची खुर्ची खरखरत मागे गेली. "कोर्टात? तू? तू कोर्टात लग्न केलंस?"

"हो."

"म्हणजे मी केलं ते पाप, आणि तू केलंस ते गुपित! तीन वर्षं, रोहेलिओ! तीन वर्षं ही बाई माझ्याशी बोलली नाही. मला पहिलं मूल झालं तेव्हा आली नाही. तू तेव्हा फोनवर मला काय सांगितलंस? 'ताई, अमाचं मन सांभाळायला हवं होतंस.' तूच म्हणालास ना हे? आणि त्याच वर्षी स्वतः जाऊन—"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"वा! माझी पाठ सोलवटलेली बघून तू शहाणा झालास!" ओफेलिया उठली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि देल्फिनाच्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसली. "आणि तू? तू कशी गप्प बसलीस? मी इथे सकाळपासून 'एकोणीस भरत नाहीत, एकोणीस भरत नाहीत' करतेय, आणि तू ऐकून घेतेस?"

"त्यानं सांगायचं ठरलं होतं," देल्फिना म्हणाली.

"त्यानं! त्याच्या भरवशावर बसली असतीस तर आमच्या सगळ्यांच्या मयतीला जाऊन आली असतीस."

एर्मिनिया इतका वेळ हलली नव्हती. तिनं मुलाकडे पाहिलं. मोठ्या आवाजात ती बोललीच नाही, आणि रोहेलिओला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

"तू तिकडे असताना तुला काही झालं असतं, तर पहिला निरोप कुणाला आला असता?"

"देल्फिनाला."

"मला नाही."

"तुलाही आला असता, अमा. पण तिला आधी."

"वर्षभर मी त्या ओसरीवर खुर्ची टाकून बसत होते," एर्मिनिया म्हणाली. "रस्त्यावर अनोळखी गाडी थांबली की मी उठून उभी राहायची. वाटायचं, आले. मरणाची खबर घेऊन येणारी गणवेशातली ती दोन माणसं. एकदा विमा विकणारा आला होता, त्याला बघून मी इथे फरशीवर बसकण मारली. मला वाटायचं, हे माझं एकटीचं आहे. आईचं आहे."

"मीही बसत होते, अमा," देल्फिना म्हणाली.  "तुम्ही ओसरीवर, मी माझ्या खोलीत. तुमच्याजवळ शेजारणी येऊन बसायच्या. माझ्याजवळ कोण येणार? मी त्याची बायको हे कुणाला माहीतच नव्हतं."

एर्मिनियाला मग दुसरंच काहीतरी आठवलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं. पलटण परत आली तो दिवस. तळावरचा मोठा हॉल, झेंडे, बँड, रडणारी माणसं. दारावर सांगत होते, फक्त घरची माणसं आत. आणि एर्मिनियानं होणारी सून म्हणून बरोबर आणलेल्या या मुलीला सांगितलं होतं: तू गाडीत थांब हं, मिहा, आत घरच्यांनाच सोडतात.

"मी तुला गाडीत बसवलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्या हॉलमध्ये जाण्याचा पहिला हक्क तुझा होता, आणि मी तुला पार्किंगमध्ये बसवलं. उन्हात."

"फार ऊन नव्हतं, अमा."

"का नाही बोललीस? एक शब्द बोलायचास. 'मी याची बायको आहे.' एवढंच."

देल्फिना म्हणाली, "तुम्ही नवा झगा शिवला होता. आठवडाभर आधीपासून केस करून घेत होतात. मला वाटलं, आज यांचा दिवस आहे. माझा नंतर येईल."

तो दिवस आलाच नाही. 

एर्मिनियानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रोहेलिओ उठू लागला तशी तिनं एक हात काढून त्याला खाली बस म्हणून खूण केली. मग ती ओफेलियाकडे वळली. "तुझ्याशी मी तीन वर्षं बोलले नाही. ते बघून यानं मला सांगितलं नाही. आणि यानं सांगितलं नाही म्हणून ही पोर आज औषधाला मुकणार होती. म्हणजे याचं बी मीच पेरलं."

ओफेलिया काहीतरी लागट बोलणार होती, तिच्या ओठांवर आलंही होतं. पण आईच्या तोंडून असलं वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं भांडण तसंच गिळलं आणि टेबलावरचा भावाचा फोन त्याच्याकडे सरकवला.

"लाव वकिलाला."

"आज रविवार आहे, ताई. निरोप घेणारं मशीन असेल तिथे."

"मग मशीनला सांग," एर्मिनिया म्हणाली. "माझ्यासमोर सांग."

रोहेलिओनं फोन लावला. त्याचा एक कान कामातून गेलेला, म्हणून त्यानं तो दुसऱ्या कानाला धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. "इकडे बघून," आई म्हणाली. तो वळला. मशीनची शिट्टी वाजली.

"मी सार्जंट एलिसोन्दो. मसुद्यात लग्नाची तारीख चुकलीय. ती दुरुस्त करा. अठ्ठावीस फेब्रुवारी, दोन हजार तीन. बेल्टनचं कोर्ट. पेन्शनीतला वाटा त्याच तारखेपासून धरा. आणि दवाखान्याचं कार्डही." तो थांबला. फोन ठेवेल असं वाटलं, पण त्यानं ठेवला नाही. "देल्फिना तेव्हापासून माझी बायको आहे."

त्यानं फोन बंद केला. ओफेलियानं हलकेच देल्फिनाच्या पुढ्यात सोड्याची बाटली सरकवली, झाकण काढून.

"वीस भरली," ती म्हणाली. "वर दोन महिने." नियमच सांगत होती ती, पण आता तिचे डोळे भरून आले होते.

देल्फिनाला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला सुटल्यासारखं होईल. औषध राहिलं, कार्ड राहिलं, पेन्शनीतला न्याय्य वाटा राहिला. पण तिला फक्त दमल्यासारखं झालं. ती पर्स घ्यायला उठली.

"थांब," एर्मिनिया म्हणाली. "त्या दिवशी तुम्हाला आशीर्वाद कुणी दिला?"

"कोणत्या दिवशी, अमा?"

"फेब्रुवारीत. माझा मुलगा लग्न करून युद्धावर गेला. घरातून निघताना त्याच्या कपाळावर, तुझ्या कपाळावर क्रूस कुणी काढला?"

रोहेलिओ आणि देल्फिनानं एकमेकांकडे पाहिलं. "कुणी नाही," तो म्हणाला. "जज होते आणि आम्ही."

"कुणीच नाही." एर्मिनिया टेबलाला धरून उभी राहिली. "जूनमध्ये तुम्ही याच खोलीत माझ्यापुढे गुडघे टेकलेत. तो आशीर्वाद मी दाखवण्याच्या लग्नाला दिला, मला काय माहीत. खऱ्याचा राहिलाच. या इकडे. गुडघे टेका."

"अमा, मंगळवारी आमचा घटस्फोट आहे."

"मंगळवारचं मंगळवारी. आज काय आहात? आत्ताच फोनवर कोण म्हणालं, 'बायको आहे'? टेका."

देल्फिना आधी वाकली. रोहेलिओला वेळ लागला. त्याचा डावा गुडघा वळत नव्हता, त्यानं खुर्चीचा आधार घेतला आणि कण्हत खाली बसला. दोघं शेजारी शेजारी, जुन्या फरशीवर. एर्मिनियानं अंगठ्यानं मुलाच्या कपाळावर क्रूस काढला, मग सुनेच्या. तिचा हात सुनेच्या कपाळावर जास्त वेळ राहिला.

"देव तुमच्या पाठीशी असो," ती म्हणाली. "जाणारा सुखरूप जावो, सुखरूप परत येवो. मागे राहील तिला एकटं वाटू नये." युद्धावर निघालेल्या मुलाच्या लग्नात आई जे म्हणाली असती तेच, शब्दन् शब्द. मग तिनं हात मागे घेतला. "झालं. आता लागलं तुमचं लग्न. मंगळवारी जा आणि हे मोडा."

वर्षभर खोलीत एकटीनं निरोपाची वाट बघताना देल्फिना रडली नव्हती. त्या पार्किंगमध्येही नाही, मसुदा हाती आला तेव्हाही नाही. आता सासूच्या स्वयंपाकघरात, गुडघ्यांवर बसून ती मोठ्यानं रडायला लागली. तिला कुणी गप्प केलं नाही.